सोळा घरांचं कोडं

गेल्या उन्हाळ्यात आमच्या मंडळाच्या पिकनिकला माझ्या हातून एक चूक झाली. भेळेत मीठ जास्त पडलं असतं तर लोक दोन दिवसांत विसरले असते. पण ही चूक झाली एका आठवीतल्या मुलीच्या बाबतीत, तीही चारचौघांत, माईकवरून, आणि तिचं बक्षीस भलत्याच्याच हातात देऊन. म्हणून सविस्तर लिहितो आहे. गणिताचं नाव काढलं की पान उलटणाऱ्या मंडळींना विनंती, की जरा थांबा. बेरीज, गुणाकार आणि वाटीभर हरभरे, याहून जास्त भांडवल लागणार नाही.

झालं असं, की पिकनिकच्या कमिटीने नेहमीप्रमाणे अगदी आदल्या आठवड्यात फोन करून सांगितलं, "मोठ्या मुलांसाठी काहीतरी डोकं चालवायचं ठेवा, नाहीतर सगळी झाडाखाली फोन घेऊन बसतात." मी पेशाने सिव्हिल इंजिनियर, गणित हा नुसता नाद. तरी हौसेने एक कोडं तयार केलं आणि मोठ्या अक्षरात लिहून पॅव्हिलियनच्या खांबाला लावलं. कोडं असं:

एका मंडळात सोळा घरं आहेत. प्रत्येक घराची बरोबर सहा घरांशी ओळख आहे. ज्या दोन घरांची एकमेकांशी ओळख आहे, त्या दोघांनाही ओळखणारी घरं बरोबर दोन. आणि ज्या दोन घरांची ओळख नाही, त्यांच्याही समाईक ओळखीची घरं बरोबर दोनच. तर कोण कोणाला ओळखतं, याची यादी करा.

माझं उत्तर सोपं होतं. समजा, चार गावांतून चार-चार घरं पिकनिकला आली. जेवायला चार टेबलं. प्रत्येक टेबलावर प्रत्येक गावचं एकेक घर बसलं. एका गावचे असाल किंवा एका टेबलावर जेवला असाल तर ओळख, नाहीतर नाही. गावची तीन आणि टेबलावरची तीन, झाल्या सहा ओळखी. एकाच गावच्या दोन घरांच्या समाईक ओळखी म्हणजे त्या गावची उरलेली दोन घरं. टेबलाचंही तसंच. आता तुमचा-माझा गावही वेगळा आणि टेबलही वेगळं असेल, तर तुमच्या टेबलावरचा माझा गाववाला आणि माझ्या टेबलावरचा तुमचा गाववाला, असे दोघंच आपल्या दोघांच्या ओळखीचे. बुद्धिबळ खेळणाऱ्यांनी चार बाय चारचा पट डोळ्यांसमोर आणावा. एका घरातून हत्ती एका खेळीत जिथे जिथे जाऊ शकतो, ती त्या घराची ओळखीची घरं. गणितातही या रचनेला हत्तीचा ग्राफ असंच म्हणतात. ग्राफ म्हणजे काही ठिपके आणि त्यांतल्या कुठल्या जोड्या जोडलेल्या आहेत याची माहिती, एवढंच.

दुपारी दोनच्या सुमारास एका मुलाने हेच उत्तर आणलं. मी खूश. तेवढ्यात ही मुलगी आली. तिच्या कागदावर सोळा चौकोन होते, पण ओळखी निराळ्याच. ती म्हणाली, "काका, मी फोनवरच्या सापाच्या गेमसारखं केलं. साप उजवीकडून बाहेर गेला की डावीकडून आत येतो ना, तसं." तिच्या पटाला कडाच नव्हत्या. उजव्या टोकाच्या पुढे डावं टोक, वरच्या ओळीच्या वर खालची ओळ. कागद वळून नळी केली आणि नळीची दोन तोंडं जोडली तर जो आकार होईल तो. मुलं त्याला डोनट म्हणतात, आपण मेदुवडा म्हणू. या मेदुवड्यावर प्रत्येक घराचे सहा शेजारी: उजवा, डावा, वरचा, खालचा, शिवाय एका तिरक्या रेषेवरचे दोन, म्हणजे वर-उजवा आणि खाली-डावा.

मी कागदावर नजर टाकली. माझ्या उत्तरात चौघं चौघांना ओळखतात अशा चौकड्या असतात, एका गावची किंवा एका टेबलावरची. इथे चौकडी कुठे दिसेना. मी म्हणालो, "छान प्रयत्न आहे गं, पण चुकलंय. यात चौकडीच नाही."

ती म्हणाली, "पण काका, चौकडी पाहिजे असं कोड्यात कुठे लिहिलंय?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण बटाटेवडे थंड होत होते, माईक दुसऱ्या कोणाला हवा होता, आणि साठी उलटलेल्या माणसाला आठवीतल्या मुलीने अडवलेलं फारसं आवडत नाही, हेही कबूल करतो. बक्षीस त्या मुलाला दिलं. मुलगी काही बोलली नाही. तिचा कागद मात्र आमच्या हिने उचलून पर्समध्ये ठेवला होता. परतताना गाडीत ती म्हणाली, "मी दहा-बारा जोड्या तपासल्या. सगळीकडे दोन-दोनच येतायत. तुम्ही नीट बघितलं होतंत ना?"

रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर हरभरे मांडून सगळ्या १२० जोड्या तपासल्या. मुलीचं उत्तर अक्षरशः बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी तिच्या घरी फोन करून माफी मागितली. तिला माझ्या माफीत फारसा रस दिसला नाही. तिने विचारलं, "म्हणजे दोन आन्सर्स आहेत? की नुसती नावं बदलली की एकच होतं?" हा प्रश्न मात्र मोठा आहे. दोन वस्तूंचे सगळे आकडे जुळले, तर त्या एकच का? आणि नसतील, तर वेगळ्या कशावरून म्हणायच्या?

एक उत्तर तिच्याच कागदावर होतं. नावं कितीही बदलली तरी चौकडी काही नाहीशी होत नाही. माझ्या यादीत आठ चौकड्या आहेत, तिच्या यादीत एकही नाही. म्हणजे दोन्ही याद्या वेगळ्या. पण मला त्याहून जास्त भावला तो दुसरा मार्ग, सममितीचा.

कल्पना करा, हॉलमध्ये फळ्यावर ओळखींची यादी लावली आहे आणि प्रत्येकाच्या छातीवर नावाचा बिल्ला आहे. मुलांनी बिल्ले आपापसात बदलले. आता बिल्ल्यांवरची नावं वाचून फळ्यावरची यादी पुन्हा तपासली, आणि ती तरीही तंतोतंत खरी निघाली, तर त्या अदलाबदलीला ऑटोमॉर्फिझम म्हणतात. अदलाबदल झाली, पण रचनेला पत्ताच लागला नाही. अशा दोन अदलाबदली एकामागून एक केल्या तर तिसरी तशीच मिळते, उलट केली तरी तशीच, आणि कोणीच काही न बदलणं हीसुद्धा एक अदलाबदलच. या सगळ्यांचा मिळून जो संच होतो त्याला गट म्हणतात. ही कल्पना फ्रान्समधल्या एव्हारिस्त गाल्वा या मुलाची. मुलगाच म्हणायचं, कारण १८३२ साली द्वंद्वयुद्धात मेला तेव्हा तो २० वर्षांचा होता. त्याने बिल्ले बदलले ते समीकरणांच्या उत्तरांचे. एखाद्या संख्येचा वर्ग २ आहे, एवढंच सांगितलं तर ती धन १.४१४... की ऋण १.४१४..., हे कळायला मार्ग नाही. दोघांचे बिल्ले बदला, साध्या संख्या घेऊन केलेली बेरीज-गुणाकाराची सगळी विधानं जशीच्या तशी खरी राहतात. पाचव्या घाताच्या समीकरणांसाठी शाळेतल्या वर्गसमीकरणासारखं सर्वसाधारण सूत्र का मिळू शकत नाही, याचं मूळ कारण गाल्वाने अशा अदलाबदलींच्या गटातूनच दाखवलं. असो, तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

आपण पिकनिककडे वळू. माझ्या यादीत किती तऱ्हांनी बिल्ले बदलता येतात? चार गावांचा क्रम २४ प्रकारे बदलता येतो, चार टेबलांचा २४ प्रकारे. शिवाय सगळी गावं टेबलं करून टाका आणि टेबलं गावं, तरी यादीचं काही बिघडत नाही, म्हणून आणखी दुप्पट. २४ गुणिले २४ गुणिले २, म्हणजे ११५२.

मुलीच्या यादीची मोजणी जास्त मजेची आहे. तिच्या पटावर मधोमध स्वतःला उभं करा आणि आपले सहा शेजारी ओळीने बघा: उजवा, वर-उजवा, वरचा, डावा, खाली-डावा, खालचा. यातला प्रत्येक जण आपल्या पुढच्याला ओळखतो, आणि शेवटचा पहिल्याला. सहा जणींनी तुमच्याभोवती फेर धरावा तसं. माझ्या पटावर असं होत नाही. तिथे तीन गाववाले आपसांत ओळखतात, तीन टेबलवाले आपसांत, आणि या दोन टोळ्यांत एकमेकांची कोणालाच ओळख नाही. दोन्हीकडे सहाच शेजारी आणि त्या प्रत्येकाच्या आपसांत दोनच ओळखी. आकडे तेच, पण एकीकडे दोन त्रिकुटं आणि दुसरीकडे सहा जणींचा फेर.

दाराशी कंपासने सहा पाकळ्यांचं फूल काढलेलं आठवतं का? ते फूल फिरवून सहा प्रकारे स्वतःवरच बसतं, आणि आरशात उलटं करून आणखी सहा प्रकारे. एकूण १२. फेराच्या बाबतीतही नेमके हे बाराच. तेव्हा मुलीच्या पटावर तुमच्या जागी १६ पैकी कोणालाही उभं करता येतं, आणि मग त्याच्याभोवतीचा फेर १२ प्रकारे बसवता येतो. १६ गुणिले १२, म्हणजे १९२.

यावर एखादा चिकित्सक वाचक विचारेल, की बाकीच्या नऊ घरांचं काय? त्यांचे बिल्ले आणखी इकडेतिकडे करता येणार नाहीत कशावरून? याचं उत्तर कोड्यातच दडलं आहे. फेरातले कुठलेही दोघं घ्या. त्यांना समाईक ओळखीचे बरोबर दोन. त्यातले एक तुम्ही. मग दुसरा कोण, हे ठरूनच गेलं! फेरातले शेजारी-शेजारी उभे दोघं घेतले तर हा दुसरा फेराच्या बाहेरचा निघतो, आणि अशा सहा जोड्यांतून सहा परके मिळतात. समोरासमोर उभे दोघं घेतले तर तीन जोड्यांतून उरलेले तीन परके. सहा आणि तीन, नऊ. म्हणजे तुम्ही आणि तुमचा फेर जागेवर बसलात की सगळं मंडळ आपोआप जागेवर बसतं, कोणाला हलायला वाव राहत नाही. हे हरभऱ्यांवर मांडून बघितलं तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते आणि मी एकटाच हसत होतो.

इथेच एक बारीक गोष्ट आहे, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणातली ती सर्वांत सुंदर. मुलीच्या पटावर परके दोन प्रकारचे आहेत. सहा असे, की ज्यांची आणि तुमची ओळख घालून देणारे दोघं एकमेकांना ओळखतात. आणि तीन असे, की ते दोघं एकमेकांना ओळखत नाहीत. पहिल्या प्रकारच्या परक्याचा बिल्ला, तुम्ही जागेवर असताना, दुसऱ्या प्रकारच्याला कधीच देता येत नाही. यादी लगेच खोटी ठरेल. माझ्या पटावर मात्र नऊच्या नऊ परके एकसारखे. प्रत्येकाशी दुवा एका गाववाल्याचा आणि एका टेबलवाल्याचा, आणि हे दोघं एकमेकांना न ओळखणारे. कोड्यातल्या आकड्यांना हा भेद दिसत नाही. त्यांच्या लेखी परका तो परका, समाईक ओळखी दोन. बिल्ले बदलायला गेल्यावरच तो उघडा पडतो.

आता यातली खरी गंमत. शेल्फवरचं एक जुनं पुस्तक काढलं, तर मुलीने काढलेली रचना त्यात छापलेली! आणि तिला नाव आहे श्रीखंडे ग्राफ. हे मी फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "लाइक द फूड?" मी म्हटलं, नाही गं, माणसाचं नाव आहे, आपल्यातल्याच.

डॉ. शरच्चंद्र शंकर श्रीखंडे यांचा जन्म १९१७ साली सागरला झाला. नागपुरात शिकले आणि उत्तर कॅरोलायनातल्या चॅपेल हिल इथे येऊन राजचंद्र बोस यांच्या हाताखाली १९५० साली त्यांनी पीएच.डी. मिळवली. आपल्यापैकी बहुतेकांची विमानं या देशात उतरण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. त्यांचं नाव जगभर झालं ते १९५९ साली. थोर गणिती ऑयलर याने १७८२ मध्ये एक प्रश्न छापला होता. सहा पलटणींतले सहा हुद्द्यांचे असे ३६ अधिकारी चौरसात उभे करायचे. प्रत्येक आडव्या आणि उभ्या रांगेत प्रत्येक पलटणीचा एक आणि प्रत्येक हुद्द्याचा एक आला पाहिजे. हे जमत नाही, असं ऑयलरचं मत होतं, आणि ते खरं निघालं. पण पुढे जाऊन त्याने असाही अंदाज बांधला, की सहाऐवजी १०, १४, १८, २२ अशा संख्या घेतल्या तरी जमणार नाही. पावणेदोनशे वर्षं हा अंदाज टिकला. बोस आणि श्रीखंडे यांनी २२ चा चौरस करून दाखवला, पार्कर यांनी १० चा. मग तिघांनी मिळून सिद्ध केलं, की त्या यादीत सहानंतरच्या प्रत्येक संख्येला ऑयलर चुकला होता. २६ एप्रिल १९५९ च्या न्यूयॉर्क टाइम्सने ही बातमी पहिल्या पानावर छापली. ऑयलरचा डाव मोडणारे, असं नावच या तिघांना पडलं. पुढे १९६३ साली श्रीखंडे मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख झाले आणि १९७८ साली निवृत्त झाले. २०२० च्या एप्रिलमध्ये वयाच्या १०२ व्या वर्षी ते गेले. त्या दिवसांत जो तो आपापल्या घरात कोंडलेला होता. आमच्या मंडळात ही बातमी कोणाच्या बोलण्यात आलेली मला आठवत नाही. माझ्याही नाही.

आपला ग्राफसुद्धा त्याच १९५९ सालचा, पण त्याची बातमी पहिल्या पानावर येणं शक्य नव्हतं. अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्समध्ये अठरा पानांचा लेख. प्रश्न माझ्याच कोड्याचा, फक्त चारऐवजी कुठलीही संख्या घेऊन. पाच गावं आणि पाच टेबलं घेतली तर २५ घरं, प्रत्येकाच्या आठ ओळखी, ओळखीच्यांत समाईक तीन, परक्यांत दोन. एवढ्या आकड्यांवरून गाव-टेबलाची रचना सक्तीने येते का? श्रीखंडे यांनी दाखवलं, की हो, येते. तीनला येते, पाचला येते, सहाला येते, शंभरालाही येते. एकच संख्या याला अपवाद: चार. चारला दुसरी एक रचना निघते, आणि ती एकच.

म्हणजे पाच टेबलं मांडली असती तर माझं उत्तर एकमेव ठरलं असतं आणि मी मोठ्या रुबाबात घरी आलो असतो. अगणित संख्यांतून मी नेमकी तीच निवडली, जिथे पाय घसरतो. आमची ही म्हणते, सोळा हा आकडाच मुळी कमिटीने पॅव्हिलियनच्या भाड्यावरून ठरवला होता.

आकडे जुळूनही रचना वेगळी निघणं, ही आज नुसती कोड्यांची बाब राहिलेली नाही. दोन ग्राफ एकच आहेत की नाहीत, हे कॉम्प्युटरने झटपट कसं ठरवावं, हा प्रश्न संगणकशास्त्रात अनेक वर्षं ठाण मांडून बसला आहे, आणि श्रीखंडे ग्राफच्या जातीच्या रचना, जिथे सगळीकडे आकडे सारखेच येतात, त्या त्यातल्या जास्त त्रासदायक. शिकागो विद्यापीठाचे लास्लो बाबाई यांनी २०१५ साली या प्रश्नावर एक मोठी पद्धत जाहीर केली, आणि तिचा कणा म्हणजे हेच गट, बिल्ल्यांची अदलाबदल. २०१७ च्या जानेवारीत हाराल्ड हेल्फगॉट यांना त्यात एक चूक सापडली. बाबाई यांनी ती जाहीरपणे मान्य केली आणि काही दिवसांतच दुरुस्तही केली. हे वाचून मला जरा धीर आला. मला दुरुस्तीला गणपतीपर्यंत वेळ लागला होता.

गणपतीच्या कार्यक्रमात आरतीनंतर मी माईक मागून घेतला आणि सगळा प्रकार सांगितला. कोड्याला उत्तरं दोन आहेत, दोन्ही बरोबर आहेत, आणि दुसरं कुणी काढलं, तेही. मुलाचं बक्षीस मुलाकडेच राहिलं, मुलीसाठी तसंच दुसरं आणलं होतं. टाळ्या बऱ्यापैकी वाजल्या. मुलीची आई डोळे पुसत होती. मुलगी मात्र स्टेजवरून उतरता उतरता म्हणाली, "काका, पण थर्ड आन्सर नाहीच हे त्यांना कसं कळलं?"

मी तिला ती अठरा पानं दिली. परवा फोन आला, की पाचव्या पानावर अडलं आहे. मीही ते पान दोनदा वाचलं. रविवारी दुपारी ती येणार आहे. हिने हरभरे भिजत घातले नाहीत, बाजूला काढून ठेवले आहेत.